दोन बोटांची तरफ

मोटारसायकलीच्या हँडलवर उजव्या हाताशी पुढच्या चाकाच्या ब्रेकचा लिव्हर असतो आणि डाव्या हाताशी क्लचचा. दिसायला दोघे जुळे, पण कामे अगदी वेगळी. ब्रेकचा लिव्हर बोटांचा जोर वाढवून चाकापर्यंत पोचवतो, आणि कधीतरी एकदा अर्ध्या सेकंदात त्याच्यावर सगळा भरवसा टाकावा लागतो. क्लचचा लिव्हर इंजिनातल्या स्प्रिंगांशी झगडतो आणि हे झगडणे दिवसभर चालू असते. म्हणून ब्रेकच्या लिव्हरमध्ये आधी अचूकपणा पाहायचा, क्लचच्या लिव्हरमध्ये आधी हलकेपणा. दुकानात मात्र दोन्ही एकाच खोक्यात, एकाच रंगात, जोडीने मिळतात. ती सोय विकणाऱ्याची आहे.

चेन्नईच्या दक्षिण भागातले वेलचेरी हे लिव्हरची परीक्षा पाहणारे ठिकाण आहे. एके काळी तळ्याकाठी वसलेले हे गाव आता शहराच्या पोटात आले आहे. पूर्वेला तरमणी आणि 2000 साली सुरू झालेले टायडेल पार्क, वायव्येला गिंडी, दक्षिणेला पळ्ळिकरणैची दलदल. संगणक कंपन्यांकडे जाणारी आणि तिकडून परतणारी सगळी वर्दळ इथून जाते. विजयनगर चौकात दुमजली उड्डाणपूल झाला, तरी गर्दीच्या वेळी खालच्या रस्त्यांवर दुचाकी पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या पुढे जात नाहीत. मिनिटाला चारदाच क्लच दाबला असे धरले, तरी अर्ध्या तासाच्या वाटेवर तो 120 वेळा दाबला जातो, आणि घर ते कचेरी जाऊन-येऊन 240 वेळा. त्यात समुद्र सरळ रेषेत पाचेक किलोमीटरवर, त्यामुळे हवा खारी आणि दमट. ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस असतो. डिसेंबर 2015 चा महापूर आणि डिसेंबर 2023 चे मिचाँग चक्रीवादळ या दोन्ही वेळी वेलचेरीत घरांखाली लावलेल्या गाड्या पाण्यात उभ्या होत्या. अशा ठिकाणी जो लिव्हर पाच वर्षे टिकतो, तो पुण्या-नाशकात निर्धास्त टिकेल.

निवडीला माल मात्र भरपूर आहे. चेन्नईच्या उत्तरेला तिरुवोट्टियूर इथे 1956 पासून एनफील्डच्या बुलेट बनू लागल्या, 2013 मध्ये त्याच कंपनीचा ओरगडमचा कारखाना सुरू झाला, आणि टीव्हीएसचे होसूर याच राज्यात आहे. अण्णा सालैला लागून असलेला जनरल पॅटर्स रोड, म्हणजे बोलण्यातला जी. पी. रोड, हा गाड्यांच्या सामानाचा रस्ता. पुदुपेट हा जुन्या सुट्या भागांचा बाजार. फुटपाथवरच्या लोकल लिव्हरपासून एखाद्या जुन्या स्कूटरच्या किमतीच्या परदेशी मास्टर सिलिंडरपर्यंत सगळे इथे दोन-तीन किलोमीटरच्या आत मिळते. कमतरता मालाची नसून मापाची आहे. लिव्हरच्या खोक्यावर रंग छापलेला असतो, गाडीचे नाव असते, पण ज्या दोन-तीन अंतरांवर ब्रेकची ताकद ठरते ती कधीच छापलेली नसतात.

डावा क्लच, उजवा ब्रेक

ही वाटणी निसर्गाने ठरवलेली नाही. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या कित्येक मोटारसायकलींवर लिव्हर उलटे, हँडलच्या टोकाला टेकू घेऊन आत वळलेले असत. काही अमेरिकन गाड्यांचा क्लच पायाने दाबायचा आणि गिअर हाताने टाकायचे. महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्यांना आणखी एक तऱ्हा परिचयाची आहे. बजाज चेतकच्या डाव्या मुठीत क्लचचा लिव्हर होता, आणि गिअर बदलताना मूठ फिरवली की लिव्हरही तिच्याबरोबर वरखाली फिरे. चौथ्या गिअरमध्ये तो जिथे असे तिथे पहिल्या गिअरमध्ये नसे. चेतकवर शिकलेल्यांचे डावे मनगट म्हणून वेगळेच तयार झालेले असते.

बिनगिअरच्या स्कूटर आल्यावर दोन्ही लिव्हर ब्रेकचे झाले. होसूरच्या कारखान्यातून निघणाऱ्या एथरसारख्या विजेवरच्या स्कूटरवरही तसेच आहे. घरात एक स्कूटर आणि एक मोटारसायकल असेल, तर डाव्या हाताची सवय घोटाळा करते. स्कूटरवर डावा लिव्हर दाबला की गाडी थांबते. मोटारसायकलीवर तोच दाबला की इंजिन चाकापासून सुटते आणि गाडी मोकळी धावत राहते. लिव्हर निवडताना याचा विचार सहसा होत नाही, पण व्हायला हवा. दोन्ही गाड्यांचे लिव्हर निदान आकाराने आणि अंतराने वेगळे असले, तर बोटांना फरक कळतो.

1 एप्रिल 2019 पासून भारतात विकल्या जाणाऱ्या 125 सीसीवरच्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस आणि 125 सीसीपर्यंतच्या दुचाकींना जोडब्रेक, म्हणजे सीबीएस, सक्तीचा झाला. सीबीएसच्या स्कूटरवर डावा लिव्हर एका जोडकांडीतून दोन्ही चाकांचे ब्रेक ओढतो. त्याच्या बुडाची रचना साध्या लिव्हरपेक्षा वेगळी असते आणि तिथे ‘सगळ्या गाड्यांना चालणारा’ लिव्हर बसवणे हा शुद्ध अविचार आहे. एबीएसबद्दलही एक गैरसमज आहे. चाक अडकू लागले की एबीएस दाब कमी करते. लिव्हरने जो दाब निर्माणच केला नाही, तो एबीएस आणून देत नाही.

वीस मिलिमीटरचे गणित

लिव्हर म्हणजे शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातली तरफ. टेकू, भार आणि बल या तिच्या तीन जागा. सुपारी कातरायच्या अडकित्त्यात टेकू एका टोकाला, सुपारी त्याच्याजवळ आणि हात दूरच्या टोकाला असतो, म्हणून हाताच्या थोड्या जोराने कठीण सुपारी फुटते. ब्रेकचा लिव्हरही असाच चालतो. पिव्होट बोल्ट हा टेकू, ब्रेकच्या द्रवावर दाब आणणाऱ्या मास्टर सिलिंडरच्या दट्ट्याला लिव्हर जिथे टेकतो ती सुपारीची जागा, आणि बोटे दूरच्या टोकाशी.

समजा, बोटांचा जोर पिव्होटपासून 100 मिमीवर लागतो आणि दट्ट्याची जागा 20 मिमीवर आहे. म्हणजे जोर पाचपट होतो. बोटांनी 5 किलोचा ताण दिला, तर दट्ट्यावर 25 किलो येतात. मास्टर सिलिंडरचा व्यास 12.7 मिमी असेल, तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे 1.27 चौरस सेंटिमीटर होते. म्हणजे द्रवात दर चौरस सेंटिमीटरला जवळजवळ 20 किलोचा दाब तयार झाला. कॅलिपरमध्ये 30 मिमीचे दोन पिस्टन असतील, तर त्यांचे एकूण क्षेत्रफळ 14 चौरस सेंटिमीटरच्या आसपास भरते. पॅडवर पोचलेला जोर झाला 280 किलो. दोन बोटांच्या 5 किलोंचे पावणेतीनशे किलो होतात ते असे.

आता तोच लिव्हर एखाद्या कारखान्याने नमुना पाहून बनवला आणि टेकण्याची जागा 20 ऐवजी 22 मिमीवर आली. डोळ्यांना हा फरक दिसणार नाही. पण पाचपट जोर साडेचारपटीवर येतो, म्हणजे ब्रेकला बोटांचा तोच जोर लावला तरी सुमारे नऊ टक्के कमी पोचतो. लिव्हर थोडा ‘कडक’ लागतो आणि पुष्कळांना ते आवडते, कारण कडक लिव्हर म्हणजे चांगला ब्रेक अशी समजूत आहे. उलट जागा 18 मिमीवर सरकली, तर जोर वाढतो, पण तोच दट्ट्या तेवढाच सरकवायला लिव्हर जास्त ओढावा लागतो आणि तो मुठीच्या जवळ येतो. हीच गोष्ट मास्टर सिलिंडर बदलताना घडते. 12.7 च्या जागी 14 मिमीचा बसवला, तर क्षेत्रफळ वाढल्यामुळे त्याच जोरात दाब 18 टक्क्यांनी उतरतो. लिव्हर दगडासारखा घट्ट लागतो, गाडी मात्र आधीपेक्षा उशिरा थांबते.

ब्रेम्बोसारख्या कंपनीच्या महागड्या मास्टर सिलिंडरांवर 19 गुणिले 18 असे आकडे असतात, ते याच हिशेबाचे: पहिला आकडा दट्ट्याच्या व्यासाचा, दुसरा टेकू ते दट्ट्या या अंतराचा. त्या कंपनीच्या आरसीएस नावाच्या प्रकारात हे अंतर 18 आणि 20 मिमी यांमध्ये बदलताही येते. चालवणाऱ्याला मऊ की कडक लिव्हर हवा, ते त्याने ठरवायचे. साध्या गाडीच्या साध्या लिव्हरला ही सोय नाही, म्हणून तिथे कंपनीने दिलेले अंतर जसेच्या तसे राखणे एवढेच करायचे. नवा लिव्हर घेताना जुना काढून सोबत न्यावा, दोन्हींच्या पिव्होटच्या छिद्रातून एकच बोल्ट घालून एकमेकांवर ठेवावेत आणि टेकण्याची जागा तंतोतंत जुळते का ते पाहावे. दुकानदार कुरकुर करील. केली तर करू द्यावी.

क्लचच्या केबलला हेच गणित दुसऱ्या बाजूने लागते. लिव्हर 25 अंश फिरला आणि केबलच्या टोकाचे बोंड, म्हणजे निपल, टेकूपासून 30 मिमीवर असेल, तर केबल सुमारे 13 मिमी ओढली जाते. निपल 26 मिमीवर असेल, तर जेमतेम 11. बोटांना लिव्हर हलका लागतो आणि दुकानात दाबून पाहणारा खूश होतो. पण त्या गेलेल्या 2 मिमीमुळे क्लचच्या प्लेटा पुरत्या सुटत नाहीत. गाडी क्लच दाबूनही पुढे ढकलत राहते, गिअर खडखडतात आणि सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही. वेलचेरीच्या बायपास रस्त्यावर लाल दिव्याशी बुटाने गिअर वरखाली करत बसलेला स्वार दिसला, तर दोष गिअरबॉक्सचाच असतो असे नाही.

हाताचे माप

लिव्हर हातासाठी असतो, म्हणून पुढचे माप हाताचे. मुठीपासून लिव्हरपर्यंतचे अंतर इतके हवे की तळवा मुठीवरून न उचलता तर्जनी आणि मधल्या बोटाचे पहिले पेर लिव्हरवर आरामात बसावे. बोटाच्या टोकानेच लिव्हर ओढावा लागत असेल, तर जोर लागत नाही आणि थोड्याच वेळात मनगट दुखू लागते. भारतातल्या बहुतेक गाड्यांचे लिव्हर सरासरी पुरुषाचा हात धरून बनलेले आहेत. लहान हाताच्या स्त्रियांना आणि पुरुषांनाही ते लांब पडतात, आणि अशांच्या बाबतीत अंतर बदलता येणारा लिव्हर ही चैन उरत नाही. टीव्हीएसने अपाचे आरटीआर 200 4व्ही या गाडीला 2020 मध्ये आणि रॉयल एनफील्डने इंटरसेप्टर 650 ला 2023 मध्ये असे लिव्हर कारखान्यातूनच दिले. ज्यांच्या गाडीला ते नाहीत, त्यांनी आधी स्वतःच्या कंपनीच्या वरच्या मॉडेलचा लिव्हर बसतो का ते विचारावे.

अंतर बदलणाऱ्या लिव्हरला बुडाशी एक छोटे आकडे असलेले चक्र किंवा कळ असते. ती फिरवली की लिव्हरच्या पात्याचा आणि दट्ट्यावर टेकणाऱ्या भागाचा कोन बदलतो. स्वस्त मालात हे चक्र सैल असते. खड्ड्यात धक्का बसला की तीन नंबरवरून आपोआप पाचवर जाते. हातात घेऊन चक्र फिरवून पाहावे. प्रत्येक आकड्यावर ते कट्ट आवाज करून घट्ट बसले पाहिजे. लिव्हर मुठीच्या जवळ आणताना एक भान ठेवायचे: तो जवळ आला की त्याच्या प्रवासाला जागाही कमी उरते. ब्रेक पुरता लागण्याआधी किंवा क्लच पुरता सुटण्याआधी लिव्हर मुठीला टेकता कामा नये. दोन बोटांनी ब्रेक लावणाऱ्याची अनामिका आणि करंगळी मुठीवरच असते, आणि ती लिव्हरखाली चिरडली गेली तर तेवढ्यावरच ब्रेक अडतो.

जाड पावसाळी हातमोजे घातले की बोटांची पोच बदलते, म्हणून अंतर ठरवताना जे मोजे रोज वापरायचे तेच घालून पाहावे. कोनाचेही तसेच. गाडीवर नेहमीसारखे बसून हात सरळ पुढे केल्यावर कोपर, मनगट आणि बोटे एका रेषेत यायला हवीत. कारखान्यातून गाडी येते तेव्हा लिव्हर कित्येकदा फार वर असतात आणि चालवणारा वर्षानुवर्षे मनगट वाकवून चालवतो. मास्टर सिलिंडरचे किंवा क्लचच्या आधाराचे दोन बोल्ट सैल करून तो थोडा खाली फिरवण्यासाठी एक पैसाही लागत नाही.

आखूड लिव्हरचा मोह

बाजारात सर्वात जास्त खप दोन बोटांच्या आखूड लिव्हरांचा आहे. शर्यतीच्या गाड्यांवर ते दिसतात, म्हणून रस्त्यावरही हवेसे वाटतात. शर्यतीत ते असण्याची कारणे वेगळी आहेत: तिथे ब्रेक ताकदवान असतात, दोन बोटे पुरतात आणि उरलेली दोन थ्रॉटलवर ठेवायची असतात. श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगाट्टुकोट्टईला 1990 पासून असलेल्या मद्रास मोटर रेस ट्रॅकवर चेन्नईचे हौशी स्वार हे प्रत्यक्ष पाहतात आणि सोमवारी तोच लिव्हर वेलचेरीच्या रस्त्यावर आणतात.

लिव्हरची लांबी म्हणजे जोर, अशी एक समजूत आहे. ती अर्धी खरी. जोर ठरतो तो बोटे जिथे पडतात त्या जागेवरून. बोटांच्या पलीकडे उरलेला लिव्हर नुसती शोभा. चार बोटांनी लांब लिव्हर ओढणाऱ्याचा जोर टेकूपासून दूर लागतो. तोच माणूस दोन बोटांवर आला की तर्जनी आणि मधले बोट टेकूच्या जवळ असल्यामुळे त्याच बोटांना जास्त ओढावे लागते. लिव्हर आखूड असो की लांब, हे होतेच. त्यावर एक साधी युक्ती आहे, ती कित्येक जुन्या मेकॅनिकांनाही ठाऊक नसते. लिव्हरचा आधार हँडलवर मुठीपासून 15-20 मिमी आत, मीटरच्या दिशेने सरकवायचा. मग दोन बोटे आखूड लिव्हरच्या टोकाशी येतात आणि गेलेला जोर परत मिळतो. हँडलवर तेवढी सरळ जागा असेल आणि केबलला किंवा नळीला ताण बसणार नसेल, तरच हे करावे. जड क्लचच्या जुन्या बुलेटवर, किंवा पुढे ड्रम ब्रेक असलेल्या साध्या गाडीवर, दोन बोटांचा लिव्हर लावण्यात अर्थ नाही. तिथे चार बोटांचे काम आहे.

लांब लिव्हरच्या टोकाला गोळा असतो तो सजावटीचा नाही. गाडी पडल्यावर लिव्हरचे टोक माणसाच्या अंगात घुसू नये म्हणून तो असतो. आंतरराष्ट्रीय मोटारसायकल शर्यतींच्या नियमांत हा गोळा किमान 16 मिमी व्यासाचा असावा आणि लिव्हर टेकूपासून 200 मिमीहून लांब नसावा, असे आहे. रस्त्यावरच्या बाजारात मिळणारे कित्येक आखूड लिव्हर टोकाला चाकूसारखे निमुळते आणि धारदार असतात. ते दिसायला छान असतात, पण घेऊ नयेत.

वाकणारा आणि तुटणारा

गाडी उभ्या-उभ्या आडवी झाली तरी सगळ्यांत आधी लिव्हर जमिनीला लागतो. अशा वेळी तो काय करतो, हे धातू आणि घडण यांवर ठरते. लिव्हर जवळजवळ नेहमी अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असतात. वितळलेला धातू साच्यात ओतून केलेला लिव्हर स्वस्त असतो, पण आत बारीक पोकळ्या राहिल्या तर तो वाकण्याआधीच तुटतो. तापवून दाबून घडवलेला लिव्हर आधी वाकतो. अखंड ठोकळ्यातून यंत्राने कोरलेला लिव्हर, ज्याला बाजार ‘सीएनसी’ म्हणतो, तो बहुधा 6061 या मिश्रधातूचा, टी6 प्रकारे कडक केलेला असतो. त्याची मापे अचूक येऊ शकतात. ‘येऊ शकतात’ एवढेच. कोरणारे यंत्र अचूक असले तरी त्याला दिलेले माप चुकीचे असू शकते.

साच्यातल्या लिव्हरवरही ‘सीएनसी’ छापलेले आढळते. तो ओळखायला कडेने नीट पाहावे. साच्याचे दोन भाग जुळतात तिथे एक बारीक शिवण उमटते, खाचांच्या आत पृष्ठभाग दाणेदार दिसतो आणि कडा मऊ, गोलसर असतात. कोरलेल्या लिव्हरच्या आतल्या भागात यंत्राच्या रेघा स्पष्ट दिसतात. रंग हा त्यावरचा पुढचा प्रश्न. अ‍ॅनोडाइझ केलेला रंग धातूतच मुरतो आणि सहसा सोलत नाही. नुसता मारलेला रंग खाऱ्या हवेत कडेने फुगून सुटू लागतो, आणि वेलचेरीत तो अंतर्देशीय गावांपेक्षा लवकर सुटतो.

पुष्कळ कंपन्यांच्या लिव्हरवर टोकापासून थोड्या अंतरावर मुद्दाम एक खाच किंवा बारीक मान ठेवलेली असते. गाडी पडली तर तिथे तो तुटावा आणि दोन बोटांपुरता बुंधा शिल्लक राहून गाडी घरापर्यंत नेता यावी, हा हेतू. खाच नसलेला मजबूत लिव्हर कौतुकाने घेतला जातो, पण तो पडताना वाकला नाही तर सगळा धक्का मास्टर सिलिंडरच्या कानावर जातो. तो फुटला की खर्च लिव्हरच्या कित्येक पट. खडकाळ रस्त्यावर जाणाऱ्यांसाठी वरच्या बाजूला दुमडणारे लिव्हर असतात. शहरात त्यांचा उपयोग थोडाच, आणि दुमडण्याच्या बिजागरीत ढील आली की ब्रेकचा स्पर्श कळेनासा होतो. हाताला संरक्षण देणारे गार्ड लावायचे असतील, तर लिव्हरचे टोक त्यांना घासत नाही ना, हे लिव्हर घेण्याआधी पाहावे.

बसवल्यावर काय तपासायचे

इथे एक गोष्ट बाकी सगळ्यांहून महत्त्वाची आहे. मास्टर सिलिंडरच्या तळाशी द्रवाच्या टाकीकडे उघडणारी दोन छिद्रे असतात आणि त्यांतले एक सुईच्या टोकाएवढे बारीक असते. लिव्हर सोडल्यावर दट्ट्या पुरता मागे आला, तरच हे छिद्र उघडे राहते. ब्रेक तापले की द्रव फुगतो आणि जादा द्रव या छिद्रातून टाकीत परत जातो. नव्या लिव्हरचा टेकणारा भाग अर्धा मिलिमीटर जरी जाड असला, तरी दट्ट्या सतत थोडा दाबलेला राहतो आणि छिद्र बंद होते. पहिले चार-पाच किलोमीटर काहीच कळत नाही. मग ब्रेक आपोआप धरू लागतात, धरल्यामुळे आणखी तापतात आणि शेवटी पुढचे चाक रस्त्यातच जखडते. म्हणून लिव्हर सोडलेला असताना तो आणि दट्ट्या यांच्यामध्ये अगदी थोडी, बोटाला जाणवेल एवढी ढील हवीच. गाडी स्टँडवर उचलून पुढचे चाक हाताने फिरवावे, ब्रेक दोन-चारदा दाबून सोडावा आणि चाक पुन्हा तितकेच मोकळे फिरते का पाहावे. त्यानंतर पाच-सात किलोमीटर चालवून हीच तपासणी पुन्हा करावी. डिस्क गरम असते, तिला हात लावू नये.

ब्रेकचा दिवा दुसऱ्या क्रमांकावर. पुढच्या लिव्हरच्या बुडाशी एक छोटी कळ असते. लिव्हर हलला की ती सुटते आणि मागचा लाल दिवा लागतो. तिला दाबणारे लिव्हरचे दाताड चुकीच्या जागी असेल, तर दिवा लागतच नाही किंवा सतत जळत राहतो. जी. पी. रोडवरून वेलचेरीपर्यंत येताना मागच्या गाडीवाल्याला हा दिवाच सांगत असतो की पुढचा थांबतोय. क्लचच्या बाजूलाही तशीच कळ असते आणि कित्येक गाड्या तिच्याशिवाय गिअरमध्ये सुरूच होत नाहीत.

पिव्होट बोल्ट आवळताना आधी बोल्ट असा बसवायचा की लिव्हर मोकळा फिरेल पण वरखाली डुगडुगणार नाही, मग बोल्ट धरून खालची नट आवळायची. बोल्टच भरमसाट आवळला तर लिव्हर परत येताना अडकतो. क्लचच्या लिव्हरला टोकाशी साधारण 10 ते 15 मिमी मोकळी चाल ठेवण्यास बहुतेक गाड्यांच्या पुस्तिकांत सांगितलेले असते. नेमका आकडा आपल्या गाडीच्या पुस्तिकेतलाच धरावा. चाल शून्यावर ठेवली तर क्लच सतत थोडा सुटलेला राहतो आणि प्लेटा जळतात.

लिव्हरआधी केबल

डावा हात दुखतो म्हणून क्लचचा लिव्हर बदलायला निघालेल्यांनी आधी केबल काढून पाहावी. बाहेरच्या नळीत गंज चढला, धूळ बसली किंवा पुराचे पाणी शिरून वाळले, तर क्लच दुपटीने जड वाटू शकतो, आणि कितीही सुंदर लिव्हर लावला तरी तो हलका होणार नाही. हँडल उंच केले असेल आणि केबल तीच ठेवली असेल, तर ती वळणावर ताणली जाते, हाही जडपणाच. केबल बदलून, तिची वाट मोठ्या वळणांची करून, तरीही हात दुखत असेल, तर मग लिव्हरकडे वळावे.

केबलचे तुटणे बहुधा लिव्हरमधल्या निपलपाशी होते. लिव्हर फिरतो तसे निपल त्याच्या खोबणीत फिरायला हवे. ते सुकले की फिरत नाही, आणि प्रत्येक दाबाला तारेचे धागे त्याच जागी वाकतात. दिवसाला 240 वेळा वाकणारी तार एकेक धागा सोडत जाते. तिथे महिन्याला ग्रीसचे एक बोट पुरते. केबल घालण्यासाठी अ‍ॅडजस्टर आणि त्याची नट या दोघांना चीर असते. बसवल्यावर या चिरा एका रेषेत आणि वरच्या बाजूला ठेवू नयेत, नाहीतर पावसाचे पाणी थेट केबलमध्ये उतरते.

ब्रेकच्या बाजूला साधे ग्रीस लावताना जपावे. पिव्होट बोल्टला ते चालते, पण लिव्हर जिथे दट्ट्याला टेकतो तिथे सिलिकोनचे ग्रीस लावावे, कारण खनिज तेलाच्या ग्रीसने मास्टर सिलिंडरचे रबर फुगते. लिव्हर स्पंजासारखा मऊ लागत असेल, तर दोष लिव्हरचा नसून द्रवाचा असतो: त्यात हवा शिरलेली असते किंवा त्याने ओल शोषलेली असते. डॉट 4 प्रकारचा ताजा द्रव किमान 230 अंश सेल्सिअसला उकळतो. पुरेसे पाणी शोषल्यावर हीच मर्यादा 155 अंशांपर्यंत उतरते. चेन्नईच्या हवेत दोन वर्षांनी तो बदलणे योग्य.

नवा लिव्हर बसला, तपासण्या झाल्या, की जुना ओरिजिनल टाकून देऊ नये. त्याला तेलाचा हात लावून, जुन्या पण धड असलेल्या क्लच केबलसोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून सीटखाली ठेवावा. पूर्व किनाऱ्याच्या रस्त्याने पुद्दुचेरीकडे जाताना वाटेत गाडी आडवी झाली, तर जवळच्या गावात त्या मॉडेलचा लिव्हर मिळेलच असे नाही. सीटखालचा मात्र दहा नंबरच्या पान्याने दहा मिनिटांत बसतो.